गिरणीतला माणूस

मला डॉक्टर करायचं हे आमच्या घरात माझ्या जन्माआधीच ठरलं होतं. जन्मानंतर त्याचा फेरविचार व्हायला हरकत नव्हती, पण आमचे अण्णा हदगावच्या शाळेत हेडमास्तर, आणि एकदा फळ्यावर लिहिलेलं ते सहसा पुसत नसत. आईनं गोधडी शिवताना बोटात सुई रुतवून घेतली तेव्हा घेरी येऊन मी पडलो होतो, आईला स्वतःचं बोट सोडून माझ्या तोंडावर पाणी मारावं लागलं होतं, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. अण्णांनी मात्र त्याचा अर्थ ‘पोरगं हळवं आहे, पेशंटला बरं पडेल’ असा काढला. दहावीच्या निकालानंतर ते म्हणाले, “इथं काय करून राहिलास तू? चिंचेखाली बसून गोट्या खेळून राहिलास. लातूरला जा. तिथं दगडालाबी डॉक्टर करून राहिलेत.” दगडाचं काय झालं माहीत नाही, माझं काय झालं ते सांगतो.

लातूरला तेव्हा प्रत्येक भिंतीवर मुलांचे चेहरे असत. निवडणुकीच्या उमेदवारांसारखे हात जोडलेले, कपाळावर टिळा, गळ्यात हार आणि खाली कॉलेजचं नाव. क्लासला जायच्या रस्त्यावर हे सगळे वरून माझ्याकडे बघत आणि मला वाटे, यांचे आईवडील आत्ता पेढे खात असतील. शहर कसं पहाटे उठायचं, सायकलींच्या झुंडी कशा निघायच्या, गल्लोगल्ली खोल्या भाड्यानं कशा मिळायच्या, हे सगळं पुष्कळांनी सांगून झालं आहे. मला त्या घराबद्दल लिहायचं आहे जिथं माझी राहण्याखाण्याची सोय झाली होती, आणि एका कॅसेटबद्दल.

घर अप्पांचं. अप्पा लिंगायत, गंजगोलाईत त्यांचं भांड्यांचं दुकान. अंगानं रुंद, गळ्यात चांदीच्या चौक्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि मला पहिल्या दिवसापासून ‘दिगंबर’ सोडून ‘डागदर’ म्हणायचे. “या डागदर, बसा डागदर.” मी मागं वळून बघायचो, कुणाला म्हणतात म्हणून. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागलो. घर स्लॅबचं, चांगलं बांधलेलं; पण अक्का त्या स्लॅबखाली कामापुरतीच यायची. मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तिथंच तिची चूल, तिथंच तिचं अंथरूण. ज्वारीच्या कडक भाकऱ्या ती पापडासारख्या पातळ थापायची आणि उतरंडीसारख्या रचून ठेवायची. येसराची आमटी, शेंगांची चटणी, त्यावर कच्चं तेल, अंबाडीची भाजी, सणाला शेंगापोळी. भाकरी मोडताना कटकन आवाज यायचा. त्या घरातला मोठा आवाज म्हणायचा तर तेवढाच. रेडिओ नाही, टीव्ही नाही. पहिल्याच दिवशी अप्पा म्हणाले होते, “आमच्या घरात गानं वाजत न्हाई, डागदर. अभ्यासाच्या घरात कामून पायजे गानं?” मला वाटलं, किती ही माझ्या अभ्यासाची काळजी!

जेवताना एक गोष्ट लक्षात आली. माझ्या ताटाच्या काठावर ‘चि. सिद्धेश्वर’ असं कोरलेलं होतं. पेल्यावरही तेच. वाटीवर, तांब्यावर, दुधाच्या भगोण्यावर, सगळीकडे चि. सिद्धेश्वर. आणि घरात या नावाचं कोणी नव्हतं. मी अक्काला विचारणार होतो, पण तिनं माझी नजर पेल्यावर गेलेली पाहिली आणि पेला पाण्यानं भरून फिरवून ठेवला, नाव भिंतीकडं. मग कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं.

“सिद्धू व्हय,” तो चुना लावता लावता म्हणाला. “अप्पाचा एकुलता एक. तुझ्याएवढाच असता आता. गनपतीच्या विसर्जनाला आजोळी गेल्ता, किल्लारीकडं. सकाळी गावच न्हवतं.” मग त्यानं पान दुमडलं आणि आवाज खाली आणला. “अन् सापडला तरी कसा? मिलिटरीवाल्यांनी काढलं, पाऊस लागून ऱ्हाईलेला, वास सुटलेला. सगळ्या मयताला एकाच ढिगावर जाळलं. लिंगायताचं पोरगं, जाळलं! त्यांच्यात जाळत न्हाईत बाबा. आंघूळ घालून, विभूती लावून, हातात लिंग देऊन मातीत बसवत्यात, देवाला बसवावं तसं. अप्पा पोचले तवर राख झाल्ती. कुनाची कोनती ते कसं कळावं? घरी येऊन अक्काला म्हनले, रडायचं न्हाई, रडून कुनी परत येत न्हाई. ती जी गप झाली, ती अजून गपच हाय.”

भूकंपाला तेव्हा तीनेक वर्षं झाली असतील. हदगावला आम्हाला तो खाटेच्या हलण्याएवढाच जाणवला होता, आणि शाळेला सुट्टी मिळाली म्हणून मी चक्क नाचलो होतो. त्या दिवशी पान न खाताच घरी आलो. मग रोज त्या ताटात जेवताना भात आधी काठावरच्या नावावर सारायचो, झाकायला. जेवण संपत आलं की नाव पुन्हा वर यायचं.

कॅसेट आली ती दिवाळीत, नांदेडला मामाकडं. मामेभाऊ सुधीरदादा पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि केस खांद्यापर्यंत वाढवून आला होता. मामा शेजाऱ्यांना ‘नवस आहे’ असं सांगत होते. दादानं मला गच्चीवर नेलं आणि एक कॅसेट हातात ठेवली. वर काही नाव नाही, चिठ्ठी नाही, कुणाच्या तरी कॉपीची कॉपी. “कुठल्यातरी बर्फाच्या देशातली पोरं आहेत. आमच्याकडं कुणालाच नाव माहीत नाही. ऐकून जिवंत राहिलास तर कळव.” सोबत एका मासिकातल्या फोटोची झेरॉक्स दाखवली. एक माणूस, तोंड पांढरंफटक रंगवलेलं, डोळ्यांभोवती काळी खळगी. “असं रंगवून गातात. मेलेल्या माणसासारखं.” मला तो आमच्याकडच्या यात्रेतला बहुरूपी वाटला, पण हे दादाला सांगायची हिंमत झाली नाही.

लातूरला माझ्याकडे एक टेपरेकॉर्डर होता. अण्णांनी तो लेक्चर रेकॉर्ड करायला घेऊन दिला होता. तेव्हा सगळेच तसं करत, सरांच्या टेबलावर ओळीनं टेपरेकॉर्डर लावून ठेवलेले असत. अप्पांच्या घरात त्याला परवानगी होती ती तेवढ्याच कारणानं. मी कॅसेट लावली आणि नुसती घरघर. पावसाळ्यात पत्र्यावर एकसारखा पाऊस पडतो तशी, आणि त्याच्या पार मागं, विहिरीच्या तळाशी असल्यासारखं कोणीतरी ओरडतंय. मला वाटलं हेड खराब. कोलन वॉटरनं हेड पुसला. घरघर तशीच. स्क्रू काढून आत फुंकलं, एक स्क्रू हरवला. शेवटी टेपरेकॉर्डर गंजगोलाईतल्या रेडिओवाल्याकडे नेला. त्यानं कॅसेट लावली, डोळे मिटून बराच वेळ ऐकली, आणि म्हणाला, “मशीन ठीक हाय. आत मानूसच वरडायलाय त्याला मी काय करू? पिठाच्या गिरनीत अडकलाय बघ कुनीतरी.” दुकानातली सगळी माणसं हसली. तेव्हापासून माझ्यापुरता तो गिरणीतला माणूस.

तो मला खरा ऐकू आला तो एका चाचणीच्या दिवशी. क्लासच्या बोर्डावर नंबरांची यादी लागायची; मला माझं नाव खालून शोधायला सोपं जायचं. त्या दिवशी खालूनसुद्धा वेळ लागला नाही. खोलीवर आलो, दुपार होती, अप्पा दुकानात, अक्का मागं शेडमध्ये. रडावंसं वाटत होतं पण रडू येत नव्हतं. उगाच म्हणून कॅसेट लावली, आवाज अगदी बारीक करून, स्पीकरला कान लावून पडलो. हळूहळू त्या घरघरीच्या आत एक चाल आहे हे कळलं. फार साधी, चार-पाच सुरांची, आणि ती बदलतच नव्हती. तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल फिरतो तशी तीच तीच फिरत होती, आणि दर फेऱ्याला जरा जास्त खोल जात होती. मधेच ढोल थांबायचे, नुसती एक तार वाजत राहायची, उन्हाळ्यातल्या रिकाम्या शाळेत लोंबकळणाऱ्या घंटेसारखी. आणि मग तो यायचा. शब्द नव्हते, असले तरी माझ्यासाठी नव्हते. तो काही मागत नव्हता, कुणाला बोलवत नव्हता. कोणी येणार नाही हे त्याला माहीत होतं आणि तरी तो ओरडत होता.

हे नीट सांगायला मला अजून जमत नाही. त्या गावात प्रत्येक भिंत, प्रत्येक सर, अण्णांचं प्रत्येक पोस्टकार्ड मला एकच सांगत होतं: होईल, जोर लाव, होईल. देवळातली गाणीही तेच सांगायची, सिनेमातलीही. ‘नाही होणार’ असं मला आयुष्यात पहिल्यांदा त्या कॅसेटनं सांगितलं. आणि गंमत अशी की ते ऐकून मी मेलो नाही, मला झोप लागली. कितीतरी दिवसांनी शांत झोप. परवा माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बाबा, याला नाव आहे. डिप्रेसिव्ह ब्लॅक मेटल.” आणि मोबाइलवर तिनं तसली शेकडो गाणी काढून दिली. ती सगळी मी ऐकली, बायकोच्या शिव्या खात ऐकली. त्यात तो कुठंच सापडला नाही. दवाखान्यातल्या पाटीसारखं ते नाव. बरोबर असेल, पण रोग झालेल्या माणसाला ते आपलं वाटत नाही.

एकदा अप्पा अवेळी घरी आले आणि दारात थबकले. “डागदर, हे काय वाजायलंय?”

मी धडपडून उठलो. “लेक्चर आहे अप्पा. कॅसेट खराब झाली.”

“मग टाकून दे की.”

“थोडं थोडं ऐकू येतं त्यात. कामाचं आहे.”

अप्पांनी माझ्याकडे मोठ्या मायेनं बघितलं. खराब कॅसेटला कान लावून अभ्यास करणारं पोरगं! जाताना पाठीवर थाप मारून गेले. मी माझ्या हुशारीवर खूश झालो. माझ्या सगळ्या हुशाऱ्यांचं पुढं काय होतं, हे तोवर मला ओळखीचं व्हायला हवं होतं.

मग श्रावणातला तो सोमवार. अक्का सोमवारी दुपारी देवळात जायची आणि उशिरा यायची. माझ्या डोक्यात त्या झेरॉक्समधला माणूस बसला होता. मी देवघराच्या कोनाड्यातून विभूतीचा गट्टा घेतला, पाण्यात उगाळला आणि तोंडभर फासला. शर्ट काढून, गळ्यापर्यंत. काजळाची डबी अक्काच्या आरशापाशी होती. डोळ्यांभोवती बोटानं काळी वर्तुळं काढली. आरशात बघितलं तर बर्फाच्या देशातला राक्षस दिसायच्या ऐवजी पिठाच्या डब्यात पडलेलं मांजर दिसत होतं. तरी मी हार मानली नाही. घर रिकामं, म्हणून कॅसेट पहिल्यांदाच मोठ्या आवाजात लावली, भिंतीला टेकून मांडी घातली, डोळे मिटले आणि चेहऱ्यावर मरणाचा भाव आणायचा प्रयत्न करू लागलो.

डोळे उघडले तेव्हा अक्का समोर उभी होती. हातात पूजेचं ताट, त्यात विभूती आणि उरलेला बेल.

मी उठायला गेलो. तिनं हात केला, बस. देवाची विभूती तोंडाला फासलेली, काजळाची डबी उघडी, वर गिरणीतला माणूस गळा काढतोय. आता अप्पा, मग अण्णा, मग हदगाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं. अक्का खाली बसली. माझ्याकडे बघत राहिली, पण माझ्याकडे नाही. मग पदराचं टोक ओलं करून तिनं माझ्या कपाळावरची विभूती पुसली, आणि ताटातली घेऊन तीन बोटांनी तीन पट्टे नीट ओढले. दंडावर ओढले. छातीवर ओढले. माझा डावा हात उचलून मांडीवर ठेवला, तळवा वर. “असा,” म्हणाली. तळव्यावर बेलाचं पान ठेवलं. डोक्यावर एक पान ठेवलं. मग माझ्या पापण्यांवरून हात फिरवून डोळे मिटले.

तेव्हा मला कळलं मी कोण आहे ते.

मी हललो नाही. हे शौर्य नव्हतं. पायाला मुंग्या आल्या होत्या, नाकात विभूती जाऊन शिंक दाटली होती, आणि शिंकलो तर काय होईल या भीतीनं मी श्वास धरून बसलो होतो. मेलेल्या माणसाचं काम इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. चाल फिरत होती, खोल जात होती. तो ओरडला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज आला, खोलीतला, माझ्या अगदी समोरून. “कंदा!” अक्काच्या माहेरची कानडी, लेकराला तसं बोलवतात. “कंदा! कंदा!” आधी बारीक, मग मोठा, मग त्यात शब्दच उरला नाही. दोन आवाज एकात एक मिसळले, आणि कुठला स्पीकरमधला, कुठला अक्काचा हे मला मिटल्या डोळ्यांनी सांगता येईना. बाहेर रस्त्यावर सायकली जात होत्या. कोणी थांबलं नाही. ऐकणाऱ्याला वाटलं असेल, मशीन चालू आहे.

कॅसेटची बाजू संपली, बटण खट्कन उडालं. अक्का गप्प झाली. माझ्या डोक्यावरचं बेलाचं पान उचलून म्हणाली, “ऊठ. तोंड धू.” मी मोरीत गेलो. आतूनच तिचा प्रश्न ऐकू आला, “कुन्या गावचा हाय तो?”

“लांबचा आहे, अक्का. बर्फाच्या देशातला.”

“तिथंबी भूकंप झाला का?”

“नाही.”

“मग कामून वरडायलाय?”

मी तोंडाला साबण लावून उभा राहिलो.

“असू दे,” ती म्हणाली. “वरडू दे त्याला. उद्याबी लाव. अप्पाला सांगू नको.”

मग रोज दुपारी, अप्पा जेवून दुकानात गेले की अक्का शेडमधून आत येऊ लागली. स्लॅबखाली! हातातलं निवडण घेऊन भिंतीला टेकून बसायची. मी कॅसेट लावायचो. आधी ती नुसती ऐकायची, मान थोडी वाकडी करून, मातीच्या ढिगाखालचं काही ऐकू येतंय का असं ऐकावं तशी. मग तो आला की तीही ओरडायची. बाजू संपेपर्यंत. मग पदरानं तोंड पुसून, निवडलेली डाळ घेऊन शेडमध्ये जायची. तिला बरं वाटत होतं का? मला ठाऊक नाही. चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं. ती रात्री झोपायला लागली असंही नाही. पण अधूनमधून बोलू लागली. सिद्धूला शेंगापोळीचा नुसता काठ आवडायचा, मधलं सारण तो मांजराला घालायचा. सिद्धू गाण्यात बेसूर होता, तरी गनपतीपुढं त्यालाच पुढं करायचे. जाताना नवी चप्पल घालून जाऊ दे म्हणून रडला होता, चिखल होईल म्हणून तिनं जुनी घालून पाठवलं. हे सगळं ती बाजू संपल्यावर, बटण उडल्यानंतरच्या त्या जरा वेळात बोलायची. जणू नंतर दार बंद होणार होतं. एकदा पेला तिनं माझ्यापुढं ठेवला, नाव माझ्याकडे करून. मी भात काठावर सारायचं सोडून दिलं.

मी नापास होत होतो आणि इतका उपयोगी कधीच झालो नव्हतो. आता वाटतं, माझ्या आयुष्यातली एकमेव डॉक्टरकी तीच. पेशंट बरा होणार नाही हे माहीत असलेली.

परीक्षा जवळ आली. एके दिवशी सकाळी क्लासला गेलो आणि दुपारी परत येतो तर अप्पा चक्क घरी, ओठांतून हसू सांडतंय. हातात माझी कॅसेट. “डागदर, तुमचं काम केलं बघा!” क्लासच्या बक्षीस समारंभाला देण्याची भांडी अप्पांच्या दुकानातून जायची, नावं कोरून, त्यामुळं बायोलॉजीचे सर त्यांच्या ओळखीचे. ते सकाळी ऑर्डर द्यायला आले तेव्हा अप्पांनी दुकानातला पोऱ्या पिटाळून माझ्या खोलीतून टेपरेकॉर्डर आणि ती ‘खराब झालेली’ कॅसेट मागवली. सरांना दुकानातच बसवलं, चहा पाजला आणि पाया पडून म्हणाले, पोरगं खराब कॅसेटला कान लावून बसतंय, त्याला तेवढं लेक्चर परत सांगा. “नवी कॅसेट घेनार होतो,” अप्पा म्हणाले, “सर म्हनले, हीच चालंल, वरनं भरलं की जुनं आपोआप पुसतं.”

अक्का दारात उभी होती. डाळीचं सूप कमरेला.

“ऐक की,” अप्पा तिला म्हणाले. “तूबी ऐक. किती झाक बोलतात सर.” आणि त्यांनी स्वतः बटण दाबलं. दुकानातल्या भांड्यांचा खणखणाट, मग सरांचा आवाज: “दिगंबर बेटा, हे अप्पांच्या शब्दाखातर. आज आपण श्वसन बघू.” अप्पा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आनंद कधी उगवतो म्हणून. त्यांचं मुलासाठी जे करायचं राहून गेलं होतं, ते त्यांनी त्या सकाळी केलं होतं. मी म्हणालो, “थँक्यू, अप्पा.” दुसरं काय म्हणणार होतो? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ज्या माणसानं घरात रडायला बंदी केली होती तो नाक शिंकरत दुकानात निघून गेला.

अक्का आत आली. नेहमीच्या जागी टेकून बसली. मी बंद करायला हात नेला तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे.” सर सांगत होते, छाती कशी फुगते, पडदा कसा खाली जातो. “आता बघा पोरांनो, कितीही जोर लावून श्वास सोडा, फुफ्फुसं रिकामी होत नाहीत. थोडी हवा आत राहतेच. ती तुम्हाला कधीच बाहेर टाकता येत नाही.” अक्का मान वाकडी करून ऐकत होती. डाळ निवडायचं तिनं थांबवलं होतं. लेक्चर संपलं, सर म्हणाले, “बंद करा अप्पा,” कुठंतरी बटण दाबल्याचा आवाज. आणि मग एकदम, खालून, तो. सरांचं लेक्चर कॅसेटच्या बाजूपेक्षा जरा लहान भरलं होतं. शेवटचा तुकडा तेवढा पुसायचा राहिला होता. चालीचा एक फेरा, एक ओरडणं, तेही अर्धं. खट्.

अक्काचं तोंड उघडलं होतं. आवाज निघायच्या आधीच बाजू संपली होती.

“पैल्यापासनं लाव,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “अक्का, शेवटचं तेवढं लावतो ना, पुढं पळवून.”

“नको. पैल्यापासनं.”

दुसरी बाजू लावून बघितली होती. तिथं सरांनी पचनसंस्था भरली होती, काठोकाठ. सुधीरदादाला पोस्टकार्ड टाकलं. त्यानं कळवलं, मूळ कॅसेटवाला मुलगा कॉलेज सोडून गेला, पत्ता नाही. मग आम्ही रोज दुपारी श्वसन ऐकत राहिलो. ती अख्खं लेक्चर बसायची, त्या शेवटच्या तुकड्यासाठी. आणि दर वेळी त्याला गाठायला तिला उशीर व्हायचा. वाजवून वाजवून तो तुकडाही झिजत चालला, नुसती घरघर राहिली, आणि एक दिवस मला त्यात काही ऐकू आलं नाही. अक्काची मान तेवढी त्या जागी हलली. त्यानंतर ती पुन्हा कामापुरतीच आत येऊ लागली. पेल्याचं नाव भिंतीकडं.

बायोलॉजीच्या पेपरात फुफ्फुसांवर प्रश्न आला. मी सरांच्या खोकल्यासकट सगळं लिहिलं. बाकीच्या विषयांत त्या उत्तराला सोबत मिळाली नाही. निकाल लागल्यावर अण्णांनी शाळेतला फळा स्वतःच्या हातानं पुसला, असं आई सांगायची. मी पुढं नांदेडला बीए करून एका पतसंस्थेत चिकटलो. निघताना टेपरेकॉर्डर आणि कॅसेट अक्कापाशी ठेवून आलो. अप्पा एसटी स्टँडवर आले होते. म्हणाले, “पुढच्या वर्षी परत ये, डागदर.” मी ‘हाव’ म्हणालो, आणि गेलो नाही.

गेलो ते अप्पा गेल्याचं कळल्यावर, फार उशिरा. त्यांना रीतीनं बसवलं होतं, मातीत, वर छोटा चौथरा. शेजारी तेवढीच मोकळी जागा सोडलेली. अक्का तशीच पत्र्याखाली. दृष्टी गेलेली, मला तिनं आवाजावरून ओळखलं. भाकरी टाकायला आता बाई होती. मी टेपरेकॉर्डरचं विचारलं. “त्यानं फीत खाल्ली,” ती म्हणाली. “लई दिस झाले.” मी म्हणालो, आता असली गाणी पुष्कळ मिळतात अक्का, मोबाइलवर, आत्ता लावून देतो. मी मोबाइल काढलासुद्धा. तिनं अंदाजानं माझा हात धरून खाली केला.

“ती दुसरी पोरं असतील,” म्हणाली.

मग भिंतीला टेकली, मान वाकडी केली, आणि सरांच्या आवाजात, सरांच्या त्याच ठेक्यात बोलू लागली. दिगंबर बेटा, हे अप्पांच्या शब्दाखातर. छाती कशी फुगते. पडदा कसा खाली जातो. एक शब्द इकडचा तिकडं नाही, मधल्या खोकल्यासकट. आता बघा पोरांनो, कितीही जोर लावून श्वास सोडा. बाई तवा उतरवून बघत राहिली. तिला रोजचंच असावं, पुन्हा पीठ मळू लागली. बंद करा अप्पा, अक्का म्हणाली. आणि तोंड उघडलं. त्या तुकड्याला लागायचा तेवढाच वेळ ते उघडं राहिलं, त्यातून काहीच आलं नाही. मग जीभ टाळूला लावून तिनं आवाज काढला.

खट्.